सहाशेच्या घरातली जोडी

बीडच्या आमच्या महाविद्यालयात मी रुजू झाले त्या दिवशी चौसाळ्याची एसटी उशिरा आली. धापा टाकत मी रसायनशास्त्र विभागप्रमुखांच्या खोलीत शिरले. टेबलामागे पांढरा कोट घातलेल्या, ठेंगण्याशा बाई बसल्या होत्या. कानावर पेन्सिल खोचलेली. काळा बुरखा मागच्या खुंटीला अडकवलेला. उशिराबद्दल माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला.

"हे काय हाय, सांगा."

कागदावर इन्फ्रारेडचा आलेख होता. एक रेघ, जवळजवळ सपाट आलेली आणि उजव्या अंगाला एक हजार तीसच्या आकड्यावर एकदम दरीत कोसळलेली. मुलाखतीची तयारी ताजी होती. मी म्हणाले, "फॉस्फेट."

"कशावरून?"

"एक हजार तीसला एवढा मोठा पट्टा आहे."

"जोडी कुठाय?"

"कसली जोडी?"

त्यांनी कागद परत ओढून घेतला. "बसा. चहा घ्या. ही कुंभाराकडची माती हाय."

नसीम मॅडमशी माझी ओळख ही अशी झाली. चहा चांगला होता, वेलदोडा घातलेला.  पुढे कळलं की नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या हाच, विद्यापीठातल्या यंत्रावर काढून आणलेला, कागद दाखवतात आणि प्रत्येक जण फॉस्फेटच म्हणतो.

त्यांची ती जोडी काय, ते सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल पुढे काही सांगता यायचं नाही. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, नुसती ऊब जाणवते तो. एखाद्या पावडरीतून तो सोडला की त्यातला कुठला भाग गिळायचा हे प्रत्येक पदार्थाचं ठरलेलं असतं. जिथे गिळला जातो तिथे आलेखाची रेघ खाली जाते. तळाशी त्या प्रकाशाचे आकडे असतात, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारे. फॉस्फेट म्हणजे मधोमध फॉस्फरस आणि त्याला धरून चार ऑक्सिजन. हाडात, दातात, खतात, आपल्या पेशींतल्या जनुकांत, सगळीकडे हा कुटुंबकबिला सापडतो. हे एकमेकांना धरलेले हात ताणले गेले की हजाराच्या आसपास मोठी, रुंद दरी पडते. अडचण अशी की मातीतलं सिलिकेटही अगदी तिथेच दरी पाडतं. नुसती मोठी दरी पाहून निकाल दिला तर माती हाड ठरते. हाडाची खरी ओळख बरीच खालच्या आकड्यांवर असते. तेच हात जेव्हा वाकतात तेव्हा सहाशे आणि साडेपाचशेच्या दरम्यान दोन बारीक टोकं उमटतात, शेजारी शेजारी. हीच मॅडमची जोडी.

वर्गात त्या हे दुसऱ्या तऱ्हेने सांगत. "नेकनूरच्या बाजारात लांबून पांढरा फेटा दिसला. पळत जाऊन पाया पडायचं का? मामा असंल का आणि कुणी? आधी चाल बघ, आवाज ऐक, संगं मामी हाय का बघ. मग वाक." पोरं हसायची. मॅडम हसायच्या नाहीत. फळ्यावर रेघ काढून झालेली असायची आणि एखाद्याला त्यांनी उभंही केलेलं असायचं.

त्यांचे वडील मोटार मिस्त्री होते. बीडच्या बसस्थानकामागे त्यांचं गॅरेज होतं, आणि शाळा सुटली की ही मुलगी दप्तरासकट तिथेच जाऊन बसायची. घरात धाकट्या भावंडांचा गोंधळ, म्हणून अभ्यास टायरांच्या ढिगावर. गाडी आली की वडील आधी बोनेट उघडत नसत. चालू ठेवायला सांगत, थांबवायला सांगत, पुन्हा चालू करायला सांगत. "अब्बा म्हणायचे, एक आवाज सुनके इंजन नक्को खोल. दुसरा आवाज आला पायजे," असं मॅडम सांगत. बाप आपल्याला काय शिकवून गेला हे त्या एवढ्याच वाक्यात सांगत आणि विषय बदलत.

प्रयोगशाळेत त्यांचं वेगळं राज्य होतं. पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या मिठात नमुना घोटून, दाबयंत्राखाली त्याची काचेसारखी पारदर्शक चकती करायची असते. सगळं जग तिला पेलेट म्हणतं, मॅडम टिकली म्हणत. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे पावसाळ्यात त्या बाटलीजवळ कुणी श्वाससुद्धा घेतलेला त्यांना चालत नसे. "तिकडं तोंड करून बोल. तुझ्या तोंडचं पाणी मला आलेखात नको." संगणक टोकांवर आपोआप आकडे छापतो, ती सोय त्यांनी बंद करून टाकली होती. आलेख कोरा छापायचा, पेन्सिल घ्यायची आणि एकेक टोक हाताने टिपायचं. कुणी कुरकुर केली की म्हणत, "यंत्राला टोक दिसतं. ते कशाचं, हे तुला दिसाय पायजे. त्याचा पगार तुला हाय, यंत्राला न्हाई."

आणि एक. त्यांच्यासमोर 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. हाय, न्हाई, किंवा मला ठाऊक न्हाई. तिन्ही उत्तरं त्या सारख्याच ठणठणीत आवाजात देत. ठाऊक न्हाई म्हणताना माणसाचा आवाज खाली जातो, त्यांचा जात नसे.

आमच्या कार्यालयाच्या अधीक्षकांचा मुतखडा पडला तेव्हाची गोष्ट. गृहस्थ गमत्या स्वभावाचे. खडा बाटलीत घालून विभागात घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, हा आमच्या घरचा हिरा. जरा पारखून द्या." मॅडमनी चेष्टा चेष्टेवारी नेली नाही. कणभर खरवडून टिकली केली. या आलेखात त्यांची लाडकी जोडी नव्हतीच. दोन टोकांच्या जागी एकच टोक होतं, वर पाण्याची ऐसपैस दरी आणि अमोनियाची खूण. त्यांनी पेन्सिल ठेवली.

"पुन्हा डॉक्टरकडं कधी जाणार?"

"आता कशाला? खडा तर पडला."

"हा फॉस्फेटचाच खडा हाय, पण जंतूंनी केलेला. जंतू असल्याबिगर असला खडा होत न्हाई. मी डॉक्टर न्हाई, औषध सांगणार न्हाई. पण हा कागद घ्या आणि आज जावा."

अधीक्षक गेले. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेला निघाला. आणखी थोडे दिवस काढले असते तर किडनी हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. बरे होऊन आल्यावर ते पेढे घेऊन आले, तर मॅडम म्हणाल्या, "पेढे ठेवा. तो खडा उरला असंल तर तो द्या, पोरांना शिकवायला बरा हाय."

असं म्हटलं की वाटेल, ही बाई कधी चुकलीच नाही. चुकली होती, आणि तेही चारचौघांत. तो चुकलेला आलेख चौकट करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेला होता. चौकटीखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'मी हाड म्हणाले होते.'

ती हकीकत मी रुजू झाल्यानंतरच्या एका वर्षातली. बिंदुसरेच्या काठावर, बीडपासून थोडं वर, एका खचलेल्या दरडीत पांढरे गोळे सापडले होते. इतिहास विभागाच्या सरांनी ते मॅडमकडे आणले. त्या वेळी आमच्या यंत्रात नमुना ज्या स्फटिकावर ठेवावा लागे, त्यातून साडेसहाशेच्या खालचा प्रकाश जातच नसे. म्हणजे जोडी जिथे दिसायची तो मुलूखच अंधारात. पण हजारावर मोठी दरी होती, आणि हाडात जुनं कार्बोनेट असतं त्याच्याही खुणा जागच्या जागी होत्या. मॅडमनी निष्कर्ष काढला: जुनी, जमिनीत मुरलेली जनावरांची हाडं. शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रात फोटो आला. प्राचार्यांनी सभागृहात शाल दिली.

पुढे टिकल्या करायचं दाबयंत्र आलं. मिठाच्या टिकलीतून चारशेपर्यंत सगळं दिसतं. मॅडमनी जुने नमुने एकामागून एक पुन्हा लावायला घेतले. मी शेजारी बसले होते. बिंदुसरेच्या गोळ्याचा आलेख पडद्यावर उमटत उमटत खाली आला. सहाशे गेलं, साडेपाचशे गेलं. जोडी आली नाही.

त्या उठल्या. मग कपाटातून जुना आलेख काढला आणि पेन्सिलीचं टोक सातशे बारावर ठेवलं. तिथे एक बारीकसा काटा होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "हे चुनखडीचं. हाडात हे नसतं. हे तवाबी दिसत होतं. मी बघितलं आणि सोडून दिलं."

"मॅडम, तेव्हा यंत्रच अपुरं होतं," मी म्हणाले.

"सातशे बाराला अपुरं नव्हतं. यंत्राच्या गळ्यात नको घालू."

ते गोळे चुनखडीचे होते आणि त्यांत चिकणमाती मिसळलेली होती. माती आणि चुनखडी या दोघांनी मिळून हाडाचं सोंग घेतलं होतं. मॅडमच्या बढतीची मुलाखत तोंडावर आलेली. शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी संपादकांना लिहायला घेतलं. बातमी प्राचार्यांच्या कानावर गेली. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं आणि काही निमित्ताने मीही सोबत होते.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते खरंच काळजीने म्हणाले, "मॅडम, मुलाखत होऊ द्या. मग काय ते करा. कुणाच्या लक्षात आलंय?"

"माझ्या आलंय."

"मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल."

"यिऊ द्या. उत्तर ठाऊक हाय मला."

प्रश्न आला. उत्तर त्यांनी दिलं. बढती त्या वर्षी मिळाली नाही. घरी गेल्यावर त्या रडल्या असतील का, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या, बुरखा खुंटीला लावला आणि चौकटवाल्याकडे कुणाला पाठवता येईल का, असं विचारलं. एवढं मात्र दिसलं, की काही दिवस चहात वेलदोडा नव्हता. बढती पुढे मिळाली, आणि तेव्हाच्या समितीतल्या एका बाईंनी भिंतीवरच्या चौकटीचा फोटो काढून नेला.

आता जी सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची. आमच्याकडे मनीषा नावाची मुलगी एम.एस्सी.ला होती. चौसाळ्याच्या पलीकडच्या एका गावातली. आईवडील दर हंगामात ऊस तोडायला जायचे. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. त्या वर्षी मनीषाच्या आईचा, सरूबाईंचा, पाय मोडला होता. म्हणून वडील एकटेच, अर्धा कोयता म्हणून, सिरसाळ्याकडच्या एका अनोळखी टोळीबरोबर कर्नाटकात गेले. तिथे उसाच्या फडात त्यांच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. इतक्या लांबून देह आणता आला नाही. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. काही दिवसांनी टोळीचा मुकादम आला, फडक्याने तोंड बांधलेलं मडकं सरूबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि पाणीही न घेता निघून गेला.

त्याच्या त्या घाईने घात केला. दीर म्हणाला, यात अस्थी नाहीत, कुठल्यातरी चुलीतली राख भरून आणली. गावात तेच बोललं जाऊ लागलं. सरूबाईंनी मडकं दारातल्या लिंबाला टांगलं आणि सांगून टाकलं, हे त्यांचं हाय हे कळल्याबिगर मी गोदावरीला न्यायची न्हाई. त्यांनी कपाळ पुसलं नव्हतं. एका वेळचं जेवण सोडलं होतं. हंगाम संपत आला तरी मडकं लिंबालाच होतं.

मनीषा मॅडमकडे आली ती एका पुडीत चिमूटभर राख घेऊन. मॅडमनी पुडी उघडलीच नाही.

"आईला ठाऊक हाय का, तू हे आणलंस ते?"

"न्हाई."

"मग हे परत ने. आईला म्हणावं, तुमी स्वतः या. मडकं घेऊन या."

सरूबाई आल्या. काठी टेकत, मडकं पदराखाली छातीशी धरून, एसटीने. प्रयोगशाळेच्या दारात त्या थांबल्या. मॅडम उठून पुढे गेल्या आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. स्वतः समोरच्या स्टुलावर बसल्या.

"बाई, मी मुसलमान हाय. ह्याला माझा हात लागंल. चालंल का तुमाला?"

सरूबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "पोरगी घरी आली की तुमचंच नाव काढती," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं मला काय कळंना. तुमी बगा."

मॅडमनी हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली. वरची चिमूटभर राख घेतली, टिकली केली, यंत्रात ठेवली. रेघ सरकत गेली. एक हजार तीसला मोठी दरी. मनीषाच्या तोंडून हुश्श निघालं. पण तीही मॅडमचीच विद्यार्थिनी. रेघ सहाशेच्या खाली गेली तसा तिचा चेहरा उतरला. जोडी नव्हती. सातशे ऐंशीच्या आसपास वाळूची खूण मात्र स्पष्ट होती.

"ही माती हाय," मॅडम म्हणाल्या.

सरूबाईंनी डोळे मिटले. "भावजी म्हणत होते तेच खरं."

"थांबा. मी एक चिमूट बघितली. मडकं न्हाई बघितलं."

त्यांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि मडकं हळूच त्यावर रिकामं केलं. मग त्या चिमट्याने निवडायला बसल्या. कोळसा एकीकडे, खडे एकीकडे, भाजल्या मातीचे तुकडे एकीकडे. दुपार सरत आली. कुणी उठलं नाही. सरूबाई समोर बसून प्रत्येक तुकड्याकडे पाहत होत्या. शेवटी कागदाच्या एका कोपऱ्यात थोडे करडे-पांढरे, हलके, जाळीदार तुकडे जमले. त्यातल्या एकाचा कोपरा मॅडमनी घोटला.

या वेळी मी स्वतः रेघेकडे पाहत होते. हजाराच्या वर दरी. सहाशेच्या घरात आली तशी रेघ एकदा बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. दोन टोकं, सुईने काढावीत तशी. त्यांच्या डाव्या अंगाला सहाशे तीसवर आणखी एक छोटं टोक, हाड खूप तापलं की येतं ते.

"हे हाड हाय," मॅडम म्हणाल्या. "लई मोठ्या जाळात जळालेलं. चुलीत असं व्हत न्हाई."

सरूबाई पुढे झुकल्या. "त्यांचंच हाय ना?"

मॅडमनी उत्तर द्यायच्या आधीच मनीषाने त्यांना बाहेर यायची खूण केली. व्हरांड्यात ती रडकुंडीला आली होती. "मॅडम, हो म्हणा. तिला कुठं कळणार हाय? ती जेवत न्हाई हो. एक हो म्हणलात की सुटंल ती."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी तसं म्हणालेही.

मॅडम मनीषाला म्हणाल्या, "तुझ्या गावात तिला कुणीबी हो म्हणलं असतं. मग ती पाय ओढत इथवर कशाला आली?" आणि त्या आत गेल्या.

स्टुलावर बसून त्यांनी सरूबाईंचा हात हातात घेतला. "बाई, हे हाड हाय, आणि चितेसारख्या जाळातलं हाय, एवढं मी पक्कं सांगते. ह्याच्यावर कुणाशीबी भांडायला मी येते. पण ते कुणाचं, हे ह्या यंत्राला कळत न्हाई. माणसाचं का जनावराचं, हेबी कळत न्हाई. ते मला ठाऊक न्हाई."

सरूबाईंनी कागदावरच्या मातीच्या तुकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माती कशी आली?"

"चिता मातीवरच रचत्यात. गोळा करणाऱ्यानं घाईत वरवर उचललं न्हाई, बुडापास्नं खरवडलं, म्हणून माती आली. हे मी अंदाजानं बोलते. ज्यानं गोळा केलं त्याला विचारायला पायजे."

"मुकादम खोटंच बोलंल."

"मुकादम कशाला? राख गोळा करायला तो वाकला असंल का? टोळीतलं कुणीतरी वाकलं असंल."

टोळी नुकतीच परतली होती. दोनच दिवसांनी मॅडमनी भाड्याची गाडी केली आणि सरूबाईंना घेऊन आम्ही सिरसाळ्याच्या बाजूला निघालो. विचारत विचारत एका वस्तीवर पोचलो. टोळीतली लक्ष्मी नावाची बाई अंगणात धुणं वाळत घालत होती. सरूबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"मीच भरलं मडकं," ती म्हणाली. "मी आन् माज्या मालकानं. गाडी भरायची म्हणून मुकादम लई घाई करायला होता. मी म्हणलं, त्याच्या घरी बायकू हाय, तिला पुरं गेलं पायजे. कोयत्यानं खालची माती खरवडून भरलं, बारीक काय ऱ्हाऊ नये म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमचा पाय बरा हाय का आता? सारखं सांगायचे ते. माजी जोडीदारीण बरी झाली की पुढच्या साली ह्याच फडात तुमाला दाखवतो, ती कशी मोळी बांधती."

सरूबाई खाली बसल्या. तोपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लक्ष्मीबाई शेजारी बसली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. मॅडम उठून गाडीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात अस्थी गोदावरीला गेल्या. दिराला सरूबाईंनी मॅडमचा शब्द सांगितला: भांडायला मी येते. 

मॅडम निवृत्त झाल्या आणि हैदराबादला मुलीकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी तिथेच त्यांचं निधन झालं. मुलीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, तास पुरा केला. मधे सोडलेला त्यांना आवडला नसता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हैदराबादला जायच्या थोडं आधी. मनीषा आता सिरसाळ्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिने मॅडमना व्याख्यानाला बोलावलं होतं, मीही गेले होते. व्याख्यान संपल्यावर मुलींनी टोपलीभर सीताफळं आणली. मॅडम व्हरांड्याच्या पायरीवरच बसल्या आणि फळ फोडून खाऊ लागल्या. सभागृहात अवाक्षर न बोललेली एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, ह्याच्या बीत फॉस्फेट असतं का?"

"असतं. सगळ्या बियांत असतं."

"हाडासारखंच?"

"न्हाई, हाडासारखं न्हाई. सीताफळाच्या बीचा आलेख मी कधी काढला न्हाई." त्यांनी तोंडातली बी तळहातावर घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि मुलीकडे पाहिलं. "तू काढतीस का?"

मुलगी खाली वाकून पायरीवरच्या बिया वेचू लागली. "अशा न्हाई चालायच्या," मॅडम म्हणाल्या. "गर लागलेला असला की त्याचंच सगळं दिसंल. आधी धू."

माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी निघते म्हणाले, त्यांनी मान हलवली. फाटकाशी जाऊन मी वळून पाहिलं, तर अंगणातल्या नळाखाली त्या दोघी बसल्या होत्या. मॅडमनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या आणि एकेक काळी बी चोळून, धुऊन, परत परत बघून त्या मुलीच्या ओंजळीत टाकत होत्या.